बाईंच्या स्मरणार्थ

कार्यक्रमपत्रिकेच्या पहिल्याच पानावर बाईंना आपला फोटो दिसला. फोटो तीस वर्षांपूर्वीचा, काळ्याभोर जाड वेणीचा. खाली जन्माचं वर्ष बरोबर होतं. त्यापुढे एक रेघ, आणि रेघेपुढे मृत्यूचंही वर्ष छापलेलं होतं. चर्चमधल्या जुन्या संगीताचा हा पंचविसावा हंगाम दिवंगत बाईंच्या स्मृतीला अर्पण केला होता.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तिकिटांच्या टेबलामागच्या मुलीला विचारलं, या कधी गेल्या? मुलीनं आदबीनं सांगितलं, तीन वर्षं झाली. यंदा स्मरणिकेसाठी जुनी माहिती हवी होती म्हणून संचालकांनी त्यांच्या घरी फोन लावला, तेव्हा तिथल्या माणसानंच सांगितलं, बाई तर तीन वर्षांपूर्वीच गेल्या. संचालकांच्या मनाला फार लागलं हो ते, मुलगी म्हणाली.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तीन वर्षांपूर्वी त्या घर भाड्यानं देऊन लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेल्या होत्या. भाडेकरू बिचारा खरं तेच बोलला होता. त्यांना हसू फुटलं. मध्ये आजारपण झालं, केस पांढरे झाले, बारीक कापावे लागले. या पोरीनं ओळखायचं तरी कसं? मध्यंतरात जाऊन त्या संचालकाच्या पाठीत एक धपाटा घालायचा, असं ठरवून त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

संचालक म्हणजे बाईंचा पिपाणी. नवव्या वर्षी शिकायला आला तेव्हा लाकडी बासरी पिपाणीसारखी किंचाळवायचा, म्हणून हे नाव. फुंकर कशी आवरायची ते बाईंनी त्याला शिकवलं. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या वह्यांमधल्या सुरांच्या खुणा वाचायला शिकवलं. फादरांच्या मागे लागून लागून त्यांनी या चर्चमध्ये पहिला कार्यक्रम केला, तेव्हा श्रोते होते अकरा, आणि त्यांतले चार बाहेर थंडी फार म्हणून आत आलेले. पुढे बाकं भरायला लागली. पिपाणीचं नाव झालं, आणि मग त्याला माईक हवे झाले. बाई म्हणाल्या, हे संगीत असल्या दगडी भिंतींसाठीच लिहिलंय, भिंतीच ते शेवटच्या बाकापर्यंत पोचवतात. शब्दानं शब्द वाढला. समितीच्या बैठकीत तो सगळ्यांदेखत म्हणाला की बाईंनी आता आराम करावा. मतं घेतली गेली. बाईंच्या बाजूनं एकही हात वर झाला नाही. बाईंनी चर्चच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घर गाठलं. त्यानंतर कित्येक वर्षं ना त्याचा फोन, ना त्यांचा. यंदा लेकच म्हणाली, आई, कुणीतरी एकानं नमतं घ्यायला हवं ना. म्हणून त्या आल्या होत्या.

आता खांबाखांबावर काळे स्पीकर टांगलेले होते. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

पिपाणी वेदीपुढे येऊन उभा राहिला. पोट सुटलेलं, कानशिलं पांढरी. त्यानं माईक हातात घेतला आणि बाईंबद्दल बोलायला लागला. थंडीत बोटांवर फुंकर मारत बाई हार्पसिकॉर्डची, त्या पियानोसारख्या जुन्या वाद्याची, एकेक तार लावत बसायच्या, हे त्याच्या लक्षात होतं. त्याचे फाटके बूट बघून त्यांनी एकदा चकार शब्द न काढता नवे आणून दाराशी ठेवले होते, तेही लक्षात होतं. इतक्या वर्षांत हे त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. शेजारच्या आजींनी डोळे टिपले. बाईंनीही टिपले.

"शेवटी त्यांनी मला घरी बोलावून घेतलं," पिपाणी म्हणाला. "किल्ल्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, बाळा, आता हे तुझं. माईक लाव, दिवे लाव, काळाबरोबर चल. माझा आशीर्वाद आहे."

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. पण स्पीकरमधून आवाज खणखणीत येत होता. पहिल्या रांगेत समितीची माणसं माना डोलवत होती. त्या बैठकीतली तीच माणसं. मेलेल्या बाई फार गुणाच्या होत्या. कशालाच नाही म्हणत नव्हत्या.

बाईंचे डोळे कोरडे झाले. आता मध्यंतराची वाट बघण्यात काही अर्थ नव्हता. पुढच्या बाकाची पाठ धरून त्या उठल्या, त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात पिपाणीनं सगळ्यांना सांगितलं की बाईंसाठी दोन मिनिटं उभं राहू या. बाकं करकरली. चारशे माणसं उभी राहिली, चारशे माना खाली गेल्या. चर्च इतकं शांत झालं की वेदीवरच्या मेणबत्तीची वात तडतडलेली मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आली. अशा शांततेत सूर कुठवर जातो, हेच तर बाई वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. आता त्यांचा एक शब्द पुरला असता. त्याला माईक लागला नसता.

मान वर असलेल्या त्या एकट्याच होत्या. पिपाणीची नजर बाकांवरून फिरत मागे आली आणि त्यांच्यावर येऊन थांबली. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ओठ हलले, 'बाई' म्हटल्यासारखे. बाईंचा ओठांवर आलेला शब्द तिथेच राहिला. आता हा खाली उतरेल, मधल्या वाटेनं धावत येईल, चारशे माणसांसमोर हसेल नाहीतर रडेल, असं त्यांना वाटलं. ते त्याच्याकडून यावं म्हणून त्या थांबल्या.

पिपाणीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांसारखी त्यानंही मान खाली घातली.