आप्पासाहेबांचा हुकूम

केवळाबाई सरपंचाच्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली, तशी पारावर बसलेली चार माणसं बोलायची थांबली. सतरा दिवस हेच चाललं होतं. ती दिसली की गावाची वाचा बसायची.

तिकडे बौद्धवाड्यात तिचा मुलगा भीमा गाडी भरत होता. भांडी चढली होती, बाज चढली होती. त्याच्या बायकोला, सिंधूला, आठवा महिना लागला होता आणि ती कोरड्या ओढ्यातल्या झिऱ्यावरून घागर आणत होती. ऊन उतरलं की गाव सोडायचं ठरलं होतं. त्याआधी केवळाबाईला हुकूम देणाऱ्याचं तोंड एकदा बघायचं होतं.

भीमाचा गुन्हा एवढाच. लातूर जिल्हा नवा झाल्यावर पहिल्यांदाच एक साहेब गावात दुष्काळ बघायला आला. सरपंच आप्पासाहेबांनी सांगितलं, टँकरचं पाणी सगळ्यांना मिळतं. सगळ्या माना हलल्या. भीमा उठला आणि म्हणाला, "आमच्या वाड्यात टँकर एकदाबी आला न्हाई." खरं तेच होतं. साहेबाने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून गाव भीमाच्या घराला बंद झालं. गिरणीवाला चन्नबसप्पा, पट्टा डोळ्यांदेखत फिरत असताना, मशीन बिघडली म्हणाला. सटवाजीने विहिरीवरून परत पाठवलं. त्याच सटवाजीच्या रानात केवळाबाईने वीस वर्षं खुरपलं होतं, पण लाज वाटेल तर शपथ. खुद्द बौद्धवाड्यातले लोकही तिचं दळण न्यायला कचरू लागले. विचारावं तर प्रत्येकाचं एकच: "माझं काई न्हाई केवळाबाई, पर वरून हुकूम हाय." वर म्हणजे आप्पासाहेब. गावात त्यांच्या वर फक्त आभाळ होतं, आणि तेही यंदा कोरडं.

"आप्पासाहेब, हुकूम कशापायी लावला ते माझ्या तोंडावर सांगा," केवळाबाई म्हणाली.

आप्पासाहेब खरोखरच गोंधळले. "राग आलता मला, खोटं कशाला बोलू. पर दळण बंद करा, पाणी बंद करा, असं मी कुणालाच मनलं न्हाई."

"कुणालाच?"

"कुणालाच. गावानंच ठरवलं असंल, असं समजून मी बी बोलनं टाकलं. एकट्यानं गावाच्या बाहेर कसं जावं?"

केवळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सतरा दिवस पोटुशी पोर उन्हात घागरी वाहते आहे, आणि त्यामागे साधा हुकूमसुद्धा नाही. कुणी दिला असता तर निदान एकाला शिव्या देता आल्या असत्या. इथे शेजाऱ्याचं दार लागलेलं बघून जो तो आपलं दार लावत गेला होता.

"मंग चला पारावर," ती म्हणाली. "येवढंच सांगा त्यायला."

आप्पासाहेबांनी एक पाय चपलेत घातला. पारावरचे चौघे इकडेच बघत होते. पाय चपलेतून परत बाहेर आला.

"आधी गावाला इचारून बघतो," ते म्हणाले.

केवळाबाई वळली. घरी पोचली तेव्हा भीमा सामानावर दोर आवळत होता. तिने दोराखालून ज्वारीचं गाठोडं ओढून काढलं आणि डोक्यावर घेतलं.

"सामान खाली घे," ती म्हणाली.

"उठवला का हुकूम?"

"दिलाच नव्हता कुणी. कुणी न दिलेला हुकूम सारं गाव पाळत राहिलं, आन गाडी भरून आपून बी." ती गिरणीच्या वाटेला लागली, मग थांबून मागे वळली. "आता ज्याला न्हाई म्हणायचंय, त्यानं सोताच्या नावानं म्हणावं."