आधी गाडी

टीनानं गाड्या दुरुस्त करायला अंगणात शेड टाकली. गाडीखाली उभं राहता यावं म्हणून शेडमध्ये खड्डाही खणायला घेतला. तिच्या लग्नात आंदण द्यायला घेतलेलं कपाट आईनंच मोकळं करून दिलं. साड्यांच्या जागी आता पाने आणि जॅक होते.

फाटकातूनच मोठेबाबा, तिचे थोरले काका, कडाडले, "खड्डा काहून खणून राहिली? रविवारी भंडाऱ्याचे पावणे येऊन राहिले तुले पाहाले!"

"कायनं येऊन राहिले?"

"सोताच्या गाडीनं! साधी माणसं नाहीत ते."

टीनानं खड्ड्यातूनच मान वर केली.

"मंग त्यायले सांगा, गाडी सीधी या खड्ड्यावर लावा. आधी मी खालून गाडी पाहीन. बराबर ठेवली असंल, तरच चहा मांडीन."