खरखरीचा माग

हॅम रेडिओच्या नादी लागलेल्या काकांना चार दिवस एका खरखरीने भंडावून सोडलं होतं. समुद्रापारच्या दोस्ताचा आवाज तीत बुडून जायचा. शेवटी त्यांनी घराचा मेन स्विच बंद केला आणि बॅटरीवरचा छोटा रेडिओ दोन्ही हातांत धरून ते खरखरीचा माग काढत निघाले.

फ्रिजपाशी गप्प. टीव्हीपाशी गप्प. रिकाम्या आरामखुर्चीपाशी मात्र खरखर टिपेला पोचली.

"सापडली गं," काकांनी हाक दिली.

"म्हणजे खरखर मी करत नाही, हे ठरलं एकदाचं," काकू स्वयंपाकघरातून हसल्या.

काकाही हसत खुर्चीवर वाकले. त्यांचा स्पर्शही न होता खुर्ची जराशी करकरली आणि खरखर दूर जाऊ लागली. रेडिओ वळवून पाहिला, तर तिचा माग थेट स्वयंपाकघराकडे निघाला. काका जागीच थिजले.

"अहो, खांद्यावर हात कसले ठेवता," आतून काकू लाजून म्हणाल्या, "दूध उतू जाईल."