पायबंद

जंगलातल्या मुक्कामावर लांडग्यानं शिंगराची मांडी धरली. घोडी त्याच्याकडे झेपावली आणि तोंडावर आपटली. घोडं रानात भरकटू नये म्हणून धनगर उतरल्या जागी त्याचे पुढचे पाय एकत्र बांधतात.

सगुणानं कोयता उचलला.

"दोरी कापू नगं," सासरे ओरडले. "घोडी पळाली तर बिऱ्हाड कोण वाहील?"

"तिचं लेकरू मरतंय, मामा." तिनं दोरी कापली.

घोडी सुटली ती थेट लांडग्यावर गेली. मान दातांत धरून तिनं त्याला आपटलं. बरगड्या मोडल्या, हालचाल थांबली, तरी ती तुडवतच राहिली. शिंगरू लंगडत तिच्या पोटाखाली शिरलं.

सासऱ्यांनी नवी दोरी पुढे केली. "बांध आता."

"तुम्हीच बांधा की."

रक्ताळलेल्या खुरांकडे बघत म्हातारा खाली बसला. घोडी कुठंच गेली नाही.