पहिला नंबर

मैदानाच्या भिंतीवर कॅप्टन केतकीनं खडूनं कॉलेजांची नावं लिहिली, आणि यंदा पोरींच्या फुटबॉलमध्ये पहिला नंबर कुणाचा यावरून सराव बाजूलाच राहिला.

“आपणच पहिले,” केतकी म्हणाली. “नौशीन गोलमध्ये असल्यावर काय काळजी?”

गोलकीपर नौशीन मात्र मान हलवत राहिली. “नाही गं. पहिलं नदीपलीकडचं कॉलेज. यंदा त्यांच्यावर गोल होणं अवघड.”

त्या कॉलेजची कीपर तर शेवटची परीक्षा देऊन बाहेर पडली होती. केतकीनं बाकाकडं पाहिलं. नौशीनचे ग्लोव्हज आज हातात नव्हते. धुऊन, परत करायला आणल्यासारखे तिथं नीट ठेवले होते.

“त्यांच्या गोलमध्ये कोण हाय यंदा?”

“मी,” नौशीन खाली बघत म्हणाली. “हॉस्टेल देत्यात. रोजची एसटी झेपंना आता. सांगणारच होतो तुला.”

केतकीनं तळहातानं सगळ्यात वरचं आपल्या कॉलेजचं नाव पुसलं आणि त्या जागी नदीपलीकडचं लिहिलं. मग ग्लोव्हज उचलून नौशीनच्या हातात दिले.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “आमच्यात कुणाच्या हाताला बसणार हे?”