पासवर्ड

ते कार्टून मोठ्यांसाठीचं आहे, हे पहिल्याच शिवीला विद्याधरच्या लक्षात आलं. त्याची पंधरा वर्षांची मुलगी मुक्ता मैत्रिणींबरोबर टीव्हीसमोर खिदळत होती. त्याला पाहून सगळ्या गप्प झाल्या. तो न रागावता त्यांच्याजवळ बसला. पुढच्या चावट विनोदाला त्यालाच हसू फुटलं, तशा मुलीही सैलावल्या.

मग पडद्यावर दारू पिऊन बेशुद्ध पडलेल्या एका बाईचे फोटो लोक काढू लागले. मैत्रिणी हसल्या. मुक्ताने टीव्ही थांबवला.

“तिला कळतही नाहीये. यात हसायचं काय?”

“अगं, कार्टून आहे ते,” एक मैत्रीण म्हणाली.

“पण हसतोय आपण ना?”

विद्याधर उठून स्वयंपाकघरात गेला.

“टीव्हीला पासवर्ड घालू म्हणत होतीस ना?” तो बायकोला म्हणाला. “राहू दे. लेक मोठी झालीय आपली.”

बाहेर ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने म्हणाला.