जेवणासह खोली

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. वर्षातले बहुतेक दिवस तो परगावी असतो आणि जिथे काम निघेल तिथे घरगुती जेवण देणाऱ्या एखाद्या बाईकडे उतरतो. नवरा गेल्यावर घर अंगावर यायला लागलं, म्हणून मीही मुलाची खोली अशाच फिरतीवरच्या लोकांना देऊ लागले. दोन वेळचं जेवण त्यातच धरलेलं.

परवा खूप महिन्यांनी तो घरी आला. खोली नेमकी रिकामी होती. मी त्याच्या आवडीची भरली वांगी केली. जेवता जेवता तो फोनवर गावोगावच्या ताटांचे फोटो दाखवत होता.

"ही एका काकूंच्या हातची खीर. आणि हे बघ, या काकू तर मासे असे करतात ना, विचारू नकोस."

मी बघितले. चांगले होते.

जेवून उठला तसं त्याने स्वतःच ताट विसळून पालथं घातलं. मी नको म्हटलं नाही. उतरायला येणारे सगळेच तसं करतात.

आज सकाळी तो निघाला. मी उशीचा अभ्रा काढत होते. अवजारांची बॅग खांद्याला लावून, फोनमध्ये पुढचा पत्ता बघत तो दारातून म्हणाला, "येतो काकू. जेवण अगदी घरच्यासारखं होतं."



अभ्रा हातात घेऊन मीही नेहमीसारखं म्हटलं, "पुन्हा इकडे काम निघालं तर आधी कळवा. खोली राखून ठेवते."